जन्मदाखल्यात नाव टाकायचे किंवा दुरुस्त करायचे आहे? नगरपरिषदेच्या खिडकीवर कोणत्या क्रमाने जावे

मे-जूनमध्ये कुठल्याही छोट्या शहराच्या नगरपरिषदेत जन्म-मृत्यू विभागाच्या खिडकीपाशी थोडा वेळ थांबलात, तर एकच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतो. एक बाप फाइल उघडतो. वरच नोटरीचे प्रतिज्ञापत्र, खाली आधारची झेरॉक्स, पोराचे दोन फोटो. आतला लिपिक विचारतो, "नोंद क्रमांक?" बाप म्हणतो, "तेच तर काढायला आलोय." मग सोमवारी या, मंगळवारी या.

घोटाळा असा की बाप दाखला मागत असतो आणि लिपिक नोंद शोधत असतो. दाखला ही रजिस्टरातल्या नोंदीची फक्त नक्कल आहे. नोंदीत जे नाही ते दाखल्यावर येणार नाही, आणि दाखल्यावरची चूक दाखल्यावर खोडून दुरुस्त होणार नाही. म्हणून आधी नोंद पाहायची, मग कागद जमवायचे. बहुतेक लोक नेमके उलटे करतात.

पूर्वी हे खपून जायचे, कारण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निभायचे. 1 ऑक्टोबर 2023 पासून कायदा बदलला आहे. त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, आधार या सगळ्यांना जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार.

## टप्पा 1: नोंद कोणत्या गावात आहे ते ठरवा

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, आई-बाप राहतात तिथे नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे इथेच पहिला हेलपाटा पडतो. सून परांड्याची, पण बाळंतपण बार्शीच्या दवाखान्यात झाले, तर नोंद बार्शी नगरपरिषदेत. परांड्यात कितीही रजिस्टरे चाळली तरी ती सापडणार नाही. तालुका वेगळा, जिल्हाही वेगळा, आणि तरी हेच बरोबर आहे.

दुसरी गफलत हद्दीची. हल्ली नवे दवाखाने बायपासला होतात. पाटीवर शहराचे नाव असते, पण जागा शेजारच्या ग्रामपंचायतीत असते. मग नोंद ग्रामपंचायतीकडे असते. काही सरकारी रुग्णालयांत नोंदणीचे काम रुग्णालयातच चालते. म्हणून नगरपरिषदेत जाण्याआधी दवाखान्यात एक प्रश्न विचारा: "तुम्ही जन्माचे फॉर्म कुणाकडे पाठवता?" या प्रश्नाने दोन दिवस वाचतात.

रुग्णवाहिकेत वाटेतच प्रसूती झाली असेल, तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबली ते ठिकाण जन्माचे धरतात.

आजी-आजोबांच्या पिढीचा खेड्यातला जन्म शोधत असाल, तर नगरपरिषद हे ठिकाणच नाही. त्या काळच्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात असतात, आणि त्याच्या नकलेसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो.

तपासा: दवाखान्याचे नाव, तो कोणाच्या हद्दीत आहे, आणि जन्माची तारीख. या तीन गोष्टी कागदावर लिहिलेल्या असल्याशिवाय घरातून निघू नका.

## टप्पा 2: तुमचे काम नेमके कोणते

खिडकीवर सगळेच "दाखला पाहिजे" म्हणतात, पण कामे चार वेगळी आहेत आणि चारही वेगळ्या वाटेने जातात.

नोंद आहे आणि बरोबर आहे, फक्त प्रत हवी, हे सर्वांत सोपे. नोंद आहे पण बाळाचे नाव रिकामे आहे, हे सर्वांत जास्त आढळणारे. नोंद आहे पण त्यात काहीतरी चुकले आहे, ही झाली दुरुस्ती. आणि नोंदच नाही, ते काम सर्वांत लांबणारे.

नाव रिकामे का राहते? दवाखान्यातून तिसऱ्या-पाचव्या दिवशी घरी सोडतात, फॉर्म तेव्हाच भरला जातो, आणि बारसे बाराव्या दिवशी. फॉर्म भरताना नावच ठरलेले नसते. यात कुणाची चूक नाही आणि कायद्यानेही त्याची सोय ठेवली आहे. पण घरच्यांना वाटते की दवाखान्याने "सगळे पाठवले आहे", आणि पाच-सहा वर्षे कुणी रजिस्टर बघत नाही.

सावध: नाव बरोबर नोंदले गेले होते, पण आता अंकशास्त्राच्या सल्ल्याने किंवा आवड बदलली म्हणून वेगळे हवे आहे, ही दुरुस्ती नव्हे. चुकीची दुरुस्ती होते, आवडीची नाही. नाव बदलायचे तर राजपत्राचा मार्ग आहे. जन्मनोंदीवर "चूक झाली" असा खोटा अर्ज देऊ नका.

## टप्पा 3: नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

हा टप्पा लोक गाळतात आणि मग सगळे अडते.

शोधाचा अर्ज द्या, शोध शुल्क भरा. शोध घ्यायला लिपिकाला काय लागते? जन्मतारीख, दवाखाना, आईचे पूर्ण नाव, वडिलांचे पूर्ण नाव. बाळाचे नाव सांगून उपयोग नाही, कारण नोंदीत बहुधा ते नसतेच.

पहिल्या फटक्यात सापडली नाही तर "नाही" ऐकून परत फिरू नका. पुढीलप्रमाणे शोधायला सांगा:

1. जन्मतारखेच्या पुढचे-मागचे दोन-तीन दिवस. मध्यरात्रीच्या आसपास जन्मलेल्या बाळाची तारीख हमखास सरकते. दवाखान्यात दाखल झाल्याची तारीख जन्माची म्हणून लिहिल्याचीही उदाहरणे आहेत.
2. नोंदणीच्या तारखेने. जन्म मार्चचा, पण फॉर्म एप्रिलमध्ये पोहोचला असेल, तर नोंद एप्रिलच्या पानावर मिळते.
3. आईच्या माहेरच्या नावाने. माहेरी बाळंतपण, माहेरचा दवाखाना, नाव घालणारी आजी. मग आईचे नाव लग्नाआधीचेच लागते.
4. आडनावाच्या जवळच्या रूपांनी. पवार-पोवार, साळुंखे-साळुंके, कदम-कदंब असले फरक हाताने लिहिलेल्या रजिस्टरात भरपूर सापडतात.

सापडली की दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहायला मागा: जुने हस्तलिखित रजिस्टर आणि संगणकातली नोंद. जुन्या नोंदी नंतर कुणीतरी संगणकात चढवल्या आहेत. रजिस्टरात "वैशाली" आणि पडद्यावर "वैशली" असेल, तर ती टंकलेखनाची चूक आहे. मूळ नोंद बरोबर असल्याने साध्या अर्जावर काम व्हायला हवे. रजिस्टरातच चूक असेल, तर पुढचा सगळा खटाटोप लागतो. कोणत्या ठिकाणी चूक आहे हे न पाहता लोक थेट वकिलाकडे जातात आणि ज्या कामाला एक अर्ज पुरला असता त्याला प्रतिज्ञापत्र, जाहिरात, हजार-दोन हजारांचा खर्च.

तपासा आणि लिहून घ्या: नोंद क्रमांक, नोंदणीची तारीख, जन्मतारीख, लिंग, जन्मस्थळ, आईचे नाव, वडिलांचे नाव, पत्ता. फक्त बाळाच्या नावाकडे पाहून उठू नका. आमच्याच घरात भाचीचे नाव नीट घालून घेतले आणि तिच्या बापाच्या नावातली वेलांटी पासपोर्टच्या वेळी दिसली. दोन वेळा तीच खिडकी, दोन वेळा तीच रांग.

शोध घेऊनही नोंद मिळाली नाही, तर "नोंद उपलब्ध नाही" असा दाखला लेखी घ्या. त्याचा नमुना 10 ठरलेला आहे. तोंडी "नाही" चा पुढे काही उपयोग नसतो.

## टप्पा 4: नाव कसे लिहायचे ते घरी ठरवा, खिडकीवर नको

नाव एकदा नोंदीत गेले की सहज हलत नाही. आणि खिडकीवर मागे दहा माणसे उभी असताना घेतलेला निर्णय बहुधा चुकतो.

पत्रिकेतले नावरस नाव, आत्याने कानात सांगितलेले नाव आणि घरात हाक मारायचे नाव, यांतले एकच नोंदीत जाते. कोणते, हे दोन्हीकडच्या आजी-आजोबांसह आधी मिटवा. हसू नका, नाव घातल्यावर आठवड्यात परत आलेली कुटुंबे असतात.

मग लिहिण्याचा क्रम. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम ठरला आहे. त्याआधी जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत इतर कागदांवर जो क्रम आहे त्याला धरून राहा.

रोमन स्पेलिंग सर्वांत जास्त भोवते. दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत येतो. "श्रेयस" च्या शेवटी एक एस की एसएच, "ऋतुजा" आरयूने की आरआयने, "ज्ञानेश्वर" डीएनवायने की जीवायने, हे तुम्ही सांगितले नाही तर टंकणारा त्याच्या मनाने लिहील. आई-वडिलांच्या नावांचे स्पेलिंग त्यांच्या आधार किंवा पासपोर्टवर अक्षर न् अक्षर जसे आहे तसेच द्या. आईचे नाव माहेरचे लिहायचे की सासरचे, तर तिच्या चालू ओळखपत्रावर जे आहे ते.

हे सगळे एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत, देवनागरीत आणि रोमनमध्ये, लिहा. अर्जाला हाच कागद जोडा.

## टप्पा 5: कागद जमवा

नाव टाकण्यासाठी फार काही लागत नाही. आई-वडिलांचा अर्ज, दोघांची ओळखपत्रे, नोंद क्रमांक, आधीची प्रत असेल तर ती. जन्माची नोंद झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत नाव घातले तर विलंब शुल्क नाही. त्यानंतर नोंदणीपासून 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. 15 वर्षे उलटली की नियमित दार बंद होते. जुन्या नोंदींसाठी शासन अधूनमधून विशेष मुदत देते, ती चालू असेल तेव्हाच काम होते. मूल दहावीला जायच्या वर्षी हे काम काढू नका.

दुरुस्तीसाठी एक तत्त्व लक्षात ठेवा: जन्माच्या जितका जवळचा कागद, तितके त्याचे वजन जास्त. दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाच्या नोंदी, अंगणवाडीचे रजिस्टर, मग पहिल्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. आई-वडिलांचे नाव चुकले असेल तर त्यांचे स्वतःचे शाळेचे दाखले व विवाह नोंदणीचा दाखला. आधार सर्वांत शेवटी. आधारवरची तारीख हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, आणि पुष्कळदा ती तोंडी सांगून घातलेली असते.

लेखनिकाची चूक असेल, म्हणजे अक्षर, वेलांटी, आकडा उलटा, तर निबंधक, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीचा अधिकारी, चौकशी करून ती दुरुस्त करतो. माहितीच चुकीची गेली असेल, उदाहरणार्थ तारीख किंवा बापाचे नावच वेगळे, तर चूक काय व खरे काय हे सांगणारे घोषणापत्र आणि प्रसंगाची माहिती असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींचे निवेदन लागते. या व्यक्ती शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून पकडून आणू नका. बाळंतपणाला हजर असलेली मावशी, सुईण, दवाखान्यातली नर्स ही खरी माणसे.

सावध: प्रतिज्ञापत्र आधी करू नका. नोंद पाहिल्यावर, कार्यालयाने मागितले तर, त्यांनी सांगितलेल्या मजकुरात करा. आधी केलेल्या प्रतिज्ञापत्रात "जन्म दि. 4" आणि रजिस्टरात 5 असेल, तर तुम्ही स्वतःच्या सहीने स्वतःविरुद्ध पुरावा तयार केलेला असतो.

## टप्पा 6: अर्ज द्या आणि पोच घ्या

अर्ज पाच ओळींचा पुरे. त्यात कैफियत नको.

"प्रति, निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी, नगरपरिषद ____. विषय: नोंद क्र. ____ / वर्ष ____ मध्ये वडिलांच्या नावाची दुरुस्ती. वरील नोंदीत वडिलांचे नाव '____' असे आहे. ते '____' असे हवे. सोबत पुढील कागद जोडले आहेत: 1, 2, 3. दुरुस्त नोंदीच्या ____ प्रती मिळाव्यात."

सही आई किंवा वडिलांची. ज्याची नोंद आहे ती व्यक्ती सज्ञान असेल तर तिची स्वतःची. काकांनी, दाजींनी दिलेला अर्ज परत येतो.

दोन संच करा. एक आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसऱ्यावर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. लिपिकाच्या हातात थेट कागद देऊन "बघतो म्हणाले" वर घरी जाणे ही सर्वांत महाग चूक. लिपिक बदलला, रजेवर गेला, निवडणुकीच्या कामाला लागला, की तुमचा अर्ज कधी दिला होता हे सांगणारे कुणी उरत नाही. शुल्काची पावतीही घ्या. मूळ कागद दाखवा, देऊ नका.

## टप्पा 7: नोंदच नसेल तर

दिवस मोजा, कारण वाट दिवसांवर ठरते.

जन्मापासून 21 दिवसांच्या आत असाल तर साधी नोंदणी. दवाखान्यातल्या जन्माची माहिती देणे ही दवाखान्याची जबाबदारी, घरी जन्म झाला असेल तर कुटुंबप्रमुखाची. 21 ते 30 दिवस असतील तर विलंब शुल्क भरून तिथेच. 30 दिवस ते एक वर्ष झाले असेल तर जिल्हा निबंधकाची किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. महाराष्ट्रात जिल्हा निबंधक म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी.

एक वर्ष उलटले की काम नगरपरिषदेच्या हातातून जाते. जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्याने अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. मार्च 2025 मध्ये राज्य शासनाने ही कार्यपद्धती कडक केली. जाहीर नोटीस, पोलिसांचा अभिप्राय, पुराव्यांची छाननी आणि खोटी माहिती आढळली तर गुन्हा. त्यामुळे "पाच हजारांत करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाकडून घेतलेला आदेश पुढे रद्द होऊ शकतो, आणि पोलीस ठाण्यात नाव तुमचे लागते, त्याचे नाही. इथेच नमुना 10 चा तो लेखी दाखला कामी येतो.

## टप्पा 8: प्रत हातात आल्यावर

दुरुस्ती मूळ अक्षरे खोडून होत नाही. समासात नवी नोंद लिहून निबंधक सही-तारीख करतो. मूळ ओळ तशीच राहते, म्हणून रजिस्टरात जुने नाव दिसले तर घाबरू नका. संगणकावरच्या प्रतीत मात्र नवे यायला हवे. समासात लिहिले, पण संगणकात चढवलेच नाही, असे होते. म्हणून प्रत घेताना खिडकीवरच वाचा, दोन्ही भाषांत, घरी जाऊन नाही. क्यूआर कोड असेल तर तिथेच मोबाइलने तपासा.

नवीन नोंदणीनंतर माहिती देणाऱ्याला पहिला दाखला मोफत मिळतो, आणि तो सात दिवसांच्या आत द्यायचा असतो. जादा प्रतींना शुल्क आहे. दोन-तीन प्रती एकदम घ्या. प्रत लॅमिनेट करू नका, पासपोर्ट आणि व्हिसाच्या टेबलावर प्लास्टिकखालचे शिक्के नीट तपासता येत नाहीत.

पुढचा क्रमही ठरवून ठेवा: आधी जन्मनोंद, मग आधार, मग शाळा, मग बाकीचे. आधारमधली जन्मतारीख एकदाच बदलता येते. नोंद दुरुस्त होण्याआधी घाईने आधार बदलून घेतले तर ती एकुलती संधी चुकीच्या तारखेवर खर्च होते.

## टप्पा 9: अडले तर

लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार कार्यालयाने सेवा, मुदत, शुल्क आणि अपील अधिकाऱ्यांची नावे फलकावर लावायची असतात. फलकाचा मोबाइलवर फोटो काढा. मुदत संपली की पोच घेतलेल्या अर्जाच्या आधारे प्रथम अपील करा. त्यासाठी 30 दिवस असतात. मग द्वितीय अपील, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण उशीर केल्यास संबंधिताला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. आवक क्रमांक नसेल तर यातले काहीच करता येत नाही.

निबंधकाने दुरुस्ती नाकारली तर नकार लेखी मागा. त्याविरुद्ध 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येते. त्याच्या निर्णयाविरुद्ध पुढच्या 30 दिवसांत मुख्य निबंधकाकडे, आणि अपिलावर 90 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. अपील लिहिताना नोंदीच्या पानाची छायाप्रत आणि जन्माच्या सर्वांत जवळचा तो एक कागद वर ठेवा. बाकी शाळेचे, आधारचे, रेशनकार्डाचे खाली.